विसाव्याचे इंग्रजी शब्द आणि प्राथमिक वर्ग

(इंग्रजी विषय शिकविणाऱ्या प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळेच्या वेळापत्रकात एक रकाना असा असतो की, त्यात कोणताही विषय लिहिलेला नसतो आणि तरीही मुलांचे सर्वांत अधिक लक्ष त्याच रकान्याकडे लागलेले असते. मराठी शाळेत त्यास मधली सुट्टी म्हणतात. दोन असल्या तर एक छोटी व एक मोठी. या रकान्यात इंग्रजी शब्द लिहिण्याची वेळ आली म्हणजे मात्र एकवाक्यता राहत नाही. एका शाळेच्या फलकावर ‘रीसेस’ असते, शेजारच्या गावी ‘इंटरव्हल’, तिसऱ्या ठिकाणी ‘शॉर्ट ब्रेक’. त्याच पंधरा मिनिटांना इतकी नावे कशासाठी, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले तर त्याला समाधानकारक उत्तर देता आले पाहिजे. थोडे थांबणे, टेकणे, दम खाणे, डोळा लागणे यांसाठी इंग्रजीत जे शब्द आहेत, त्यांच्यातील भेद कोणते आणि ते लहान मुलांपुढे कोणत्या वाटेने न्यावेत, एवढाच आजचा विषय आहे.

विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीच्या वर्गात इंग्रजी आले, आणि तेव्हापासून खेड्यातील मुलाच्या कानावर जे इंग्रजी शब्द शाळेत नित्य पडतात, त्यांत हे शब्द अग्रभागी आहेत. ‘ॲपल’ आणि ‘झेब्रा’ यांची गाठ मुलाला कधीकाळी पडते. सुट्टीची घंटा रोज होते.

एका वाडीवरील द्विशिक्षकी शाळेतील चौथीच्या वर्गाचे उदाहरण घेता येईल. गुरुजींनी फळ्यावर ‘रेस्ट’ हा शब्द लिहून अर्थ विचारला. वर्गाने एका सुरात ‘विश्रांती’ असे उत्तर दिले. उत्तर बिनचूक होते. मग गुरुजींनी एका मुलास पुढे बोलावून विश्रांती घेऊन दाखविण्यास सांगितले. मुलगा क्षणभर घोटाळला आणि नंतर पाय फाकवून, हात पाठीमागे बांधून, छाती काढून ताठ उभा राहिला. कवायतीच्या तासाला ‘सावधान’च्या पाठोपाठ जो ‘विश्राम’ येतो, तो त्याने करून दाखविला होता. वर्गात कोणी हसले नाही, कारण वर्गाचीही तीच समजूत होती. गुरुजी जाणते होते. त्यांनी मुलास जागेवर बसविले आणि घरी दुपारच्या वेळी कोण टेकते, असा साधा प्रश्न केला. तत्क्षणी हात वर झाले. आजोबा ओट्यावर पडतात. बाबा औत सोडून बांधावर बसतात. बैल सावलीला रवंथ करतात. आई केव्हा टेकते, या प्रश्नावर मात्र बराच वेळ कोणी बोलेना. अखेर एक मुलगी म्हणाली, “भाकरी झाल्या की आई चुलीपुढंच जराशी बसते.” गुरुजींनी ते वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहिले आणि त्याखाली इंग्रजीत ‘मदर इज हॅविंग अ रेस्ट’ असे वाक्य मांडले. त्या दिवशी ‘रेस्ट’ हा शब्द वर्गाला मिळाला.

येथे दोष मुलांचा नाही, आणि पाठ्यपुस्तकाचाही म्हणता येत नाही. ‘विश्रांती’ हा शब्द आपल्या मराठीतील प्रौढ, ग्रांथिक शब्द आहे. शेतकऱ्याच्या घरात तो फारसा उच्चारला जात नाही. अपरिचित इंग्रजी शब्दाचा अर्थ अपरिचित मराठी शब्दाने सांगितला, म्हणजे मुलाच्या पदरी दोन अपरिचित शब्द पडतात. आणि ते पाठ झाल्यामुळे शिक्षकाला वाटते की अर्थ कळला. ज्या शाळांतील मुलांच्या घरी वारली, भिली, कोरकू यांसारख्या बोली आहेत, तेथे तर शिष्ट मराठीसुद्धा मुलाला शाळेतच भेटते. अशा वर्गात ‘रेस्ट’कडे जाण्याचा रस्ता त्या बोलीतील शब्दावरूनच गेला पाहिजे, आणि तो शब्द शिक्षकाने मुलांकडून शिकून घेतला पाहिजे.

वस्तुतः या बाबतीत मराठीची श्रीमंती मोठी आहे. विसावा, उसंत, फुरसत, विरंगुळा हे शब्द तर आहेतच. पण खरी गंमत क्रियापदांत आहे. मराठी माणूस जरा टेकतो, पाठ टेकतो, अंग टाकतो, आडवा होतो, दम खातो, घटकाभर पडतो. प्रत्येकाचा प्रसंग निराळा. ओझे वाहणारा दम खातो, आजारी माणूस पडतो, पाहुणा टेकतो. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईस ‘घटकाभर पडा’ असे कोणी म्हणणार नाही. इंग्रजीतही असेच आहे; तेथे नामांची विविधता अधिक आणि क्रियापदे मोजकी, इतकाच फरक.

‘दम खाणे’ याला इंग्रजीत जवळजवळ तंतोतंत जुळणारा शब्द आहे: ‘ब्रीदर’. ‘ब्रेथ’ म्हणजे श्वास. त्यावरून चढण चढताना वा धावताना श्वास जागेवर येण्यापुरते जे थांबणे, ते ‘ब्रीदर’. आपला ‘दम’ हा फारसी शब्दही मूळचा श्वासच. दोन दूरच्या भाषांनी एकच अनुभव एकाच अवयवावरून ओळखावा, हे मुलांना सांगण्यासारखे आहे. शिवाय मराठीत दम खातात, दम धरतात, दम देतात आणि दम भरतात. यांपैकी वर्गात कोणता अधिक होतो, हे मुलांना विचारू नये हे बरे.

आता ‘ब्रेक’ या शब्दाकडे वळू. आजच्या काळात सर्वांत चलनी शब्द हाच आहे, आणि सर्वांत घोटाळ्याचाही हाच. ‘ब्रेक’ या क्रियापदाचा मूळ अर्थ मोडणे, तोडणे. सलग चाललेले काम मध्येच तोडले की जी फट पडते ती ‘ब्रेक’. मुलांना हा अर्थ सुतळीच्या तुकड्याने दाखविता येतो. लांब सुतळी म्हणजे सकाळपासून संध्याकाळपर्यंतची शाळा. ती मध्ये कापली, दोन टोकांत जागा राहिली. ती जागा म्हणजे सुट्टी. ‘ब्रेकफास्ट’ हा शब्द याच वेळी सांगून टाकावा. ‘फास्ट’ म्हणजे उपास. रात्रभराचा उपास मोडणे ते ‘ब्रेकफास्ट’. आपल्याकडे उपास सोडतात, इंग्रज तो मोडतो. आणि आपल्याकडे उपास मोडणे हा दोष मानला जातो. हा भेद मुलांच्या, विशेषतः मुलींच्या, चटकन ध्यानात येतो.

घोटाळा पुढे आहे. मुलाला दुसरा एक ‘ब्रेक’ आधीपासून ठाऊक असतो, तो सायकलचा. मराठी लिपीत दोन्ही शब्द एकसारखेच लिहिले जातात, उच्चारही एकच, आणि सायकलचा ब्रेक दाबला की सायकल थांबते, त्यामुळे सुट्टीचा ब्रेक म्हणजे शाळेला लावलेला ब्रेक, अशी समजूत मुलाने करून घेतली तर तिला तर्काचा आधार आहे. पण हे दोन निराळे शब्द आहेत. सुट्टीचा शब्द बी-आर-ई-ए-के असा, व सायकलचा बी-आर-ए-के-ई असा लिहितात. अक्षरे तीच पाच. फक्त एका ‘ई’ने जागा बदलली आहे. अक्षरपट्ट्यांचा संच ज्या शाळेत आहे तेथे हे पाच पत्ते मुलांच्या हाती देऊन दोन्ही शब्द रचून घ्यावेत. नुसते तोंडी सांगून हा भेद राहत नाही, आणि देवनागरीत उच्चार लिहून देण्याची सवय असलेल्या वर्गात तर तो उमटतच नाही.

‘रेस्ट’ याही शब्दाला असाच एक जुळा भाऊ आहे. ‘द रेस्ट’ म्हणजे उरलेले, बाकीचे. हा लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. विश्रांतीचा ‘रेस्ट’ जुन्या इंग्रजीतला. नात्यागोत्याचा संबंध नसता दोघे एकाच रूपाचे निघाले. ‘डू द रेस्ट ॲट होम’ असे बाईंनी सांगितले, आणि मुलांनी घरी जाऊन विश्रांती घेतली, तर गणिते अपुरी राहिल्याबद्दल त्यांना बोल लावणे कठीण आहे. ‘रेस्ट हाउस’ हा शब्द आपल्याकडे सार्वजनिक बांधकाम खात्याच्या विश्रामगृहामुळे खेडोपाडी पोहोचला. अमेरिकेत ‘रेस्ट रूम’ म्हणतात ते मात्र स्वच्छतागृहाला. तेथे विसाव्यासाठी कोणी जात नाही.

या शब्दांपूर्वी कोणते क्रियापद लावावे, हा शिक्षकांच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग आहे. मराठीत विश्रांती ‘घेतात’, म्हणून आपल्या तोंडी ‘टेक रेस्ट’ येते. डॉक्टरही तेच सांगतात आणि रोगी बरा होतो. तथापि इंग्लंडातील माणूस ‘हॅव अ रेस्ट’, ‘हॅव अ ब्रेक’ असे म्हणतो, अमेरिकेतील माणूस ‘टेक अ रेस्ट’, ‘टेक अ ब्रेक’ असे म्हणतो, आणि आजाऱ्याला दोघेही ‘गेट सम रेस्ट’ असे सांगतात. ‘टेक’ चालते, मधला ‘अ’ मात्र गाळू नये. भारतातील इंग्रजीत ‘टेक रेस्ट’ रुळले आहे, तेव्हा मुलाच्या वहीत ते आढळल्यास तांबडी शाई उधळण्याचे कारण नाही. शिक्षकाने स्वतः बोलताना ‘अ’ लावीत जावे, म्हणजे तो मुलाच्या कानात बसतो.

आता वेळापत्रकातील रकान्याविषयी. इंग्लंडातील शाळांत मधल्या सुट्टीला ‘ब्रेक’ म्हणतात, आणि लहान मुलांच्या शाळेत ‘प्लेटाइम’. अमेरिकेत तिला ‘रीसेस’ म्हणतात. ‘रीसेस’ हा लॅटिन क्रियापदापासून आलेला. त्याचा अर्थ मागे सरणे. कामातून मागे सरणे म्हणून न्यायालयाची आणि संसदेची सुट्टीही ‘रीसेस’च, आणि भिंतीत मागे सरकलेली जी जागा, आपला कोनाडा, तिलाही ‘रीसेस’ म्हणतात. कोनाडा दाखवून हा शब्द शिकविल्यास तो सहसा विसरला जात नाही. मात्र नव्या सिमेंटच्या शाळाखोल्यांत कोनाडेच नाहीत.

‘इंटरव्हल’ची कथा याहून रंजक आहे. लॅटिनमध्ये ‘इंटर’ म्हणजे मध्ये आणि ‘व्हॅलम’ म्हणजे तट. दोन तटांच्या मधली मोकळी जागा ती ‘इंटरव्हल’. जागेवरून तो शब्द काळाकडे आला. ज्या जिल्ह्यांतील मुलांनी किल्ले पाहिले आहेत, त्यांना दुहेरी तटबंदी सांगावी लागत नाही. दोन तासिका म्हणजे दोन तट, आणि मध्ये मोकळे रान. इंग्लंडात हा शब्द नाटकाच्या मध्यंतरासाठी वापरतात. अमेरिकेत त्या ठिकाणी ‘इंटरमिशन’ म्हणतात. आपल्याकडे चित्रपटगृहांमुळे ‘इंटरव्हल’ घरोघर गेला, आणि म्हणूनच तो मधल्या सुट्टीच्या रकान्यातही शिरला. चूक त्यात काही नाही. पण परदेशी पाहुण्यास ‘आमच्या शाळेचा इंटरव्हल’ ऐकून पुढे नाटकाचा दुसरा अंक आहे की काय असे वाटेल.

शाळेच्या सुट्टीविषयी बोलताना ‘स्कूल’ या शब्दाचे मूळ सांगितलेच पाहिजे. तो ग्रीक ‘स्कोले’ या शब्दापासून आला, आणि ‘स्कोले’चा पहिला अर्थ फुरसत. पोटाच्या उद्योगातून मोकळीक मिळालेला मनुष्य जो वेळ चर्चेत व अध्ययनात घालवी, त्या वेळेचे नाव पुढे त्या जागेला पडले. आज शाळेतून सुटण्यासाठी फुरसतीचा वेगळा रकाना पाडावा लागतो, यावर ग्रीकांनी काय म्हटले असते कोणास ठाऊक!

क्रिकेटमुळेही पुष्कळ शब्द मुलांना आयते मिळतात. कसोटी सामन्यात जेवणासाठी ४० मिनिटांचे व चहासाठी २० मिनिटांचे ‘इंटरव्हल’ असते. मध्येच पाणी प्यायला ‘ड्रिंक्स ब्रेक’ होतो. कबड्डीत २० मिनिटांच्या दोन डावांमध्ये ५ मिनिटांचा ‘हाफ टाइम’ असतो, आणि संघाने मागितलेली जी क्षणिक विश्रांती, ती ‘टाइम आउट’. ही मुले मैदानावर हे शब्द योग्य ठिकाणी वापरतात आणि वर्गात मात्र गप्प बसतात. मैदानावरील शब्दसंपत्ती वर्गात आणण्याला खर्च काही नाही.

‘पॉझ’ हा शब्द या घराण्यातील सर्वांत लहान विसावा होय. ग्रीकांतून लॅटिनमार्गे आलेला. बोलता बोलता, वाचता वाचता थांबणे म्हणजे ‘पॉझ’. आपल्या विरामचिन्हांच्या नावांतच विश्रांती आहे: स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम. प्रकट वाचनाच्या वेळी ‘कॉमा’ला एक टाळी व ‘फुलस्टॉप’ला दोन टाळ्यांइतके थांबावयाचे, असा खेळ दुसरीच्या वर्गातही उत्तम चालतो.

या ‘पॉझ’च्या संदर्भात शिक्षकाने स्वतःकडेही पाहावे. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणे तपासून एक गोष्ट दाखवून दिली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी सरासरीने एक सेकंदच थांबतात. तेवढ्यात उत्तर आले नाही तर ते दुसऱ्या मुलाकडे वळतात, किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हेच थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढविले, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि जी मुले एरवी बोलत नसत, तीही बोलू लागली. परभाषेत उत्तर देणाऱ्या मुलाला तर हे तीन सेकंदही अपुरे पडतात. प्रश्न इंग्रजीत ऐकावयाचा, मनात मराठी करावयाचा, उत्तर मराठीत शोधावयाचे आणि पुन्हा इंग्रजीत उभे करावयाचे, हे सारे त्याला करावे लागते. चुलीपुढे बसणाऱ्या आईचे वाक्य ज्या मुलीने सांगितले, ती बराच वेळ गेल्यावर बोलली होती, हे येथे आठवावे.

झोपेचे शब्द मुलांना विशेष आवडतात. ‘नॅप’ म्हणजे दिवसाची, थोडक्यात आटोपलेली, ठरवून घेतलेली झोप. ‘डोझ’ म्हणजे न ठरविता लागलेली पेंग. मराठीत हा भेद नामाने होत नाही, क्रियापदाने होतो: डुलकी काढतात ती ‘नॅप’, डुलकी लागते ती ‘डोझ’. शनिवारच्या सकाळच्या शाळेत जे होते ते ‘डोझ’. मांजर जागोजाग घेते तशी क्षणिक झोप म्हणजे ‘कॅटनॅप’, आणि ‘फॉर्टी विंक्स’ म्हणजे शब्दशः चाळीस पापण्या मिटणे, पण अर्थाने लहानशी डुलकी. मोजून चाळीस कोणी मिटत नाही, हे सांगून ठेवावे. मुले मोजू लागतात. स्पेनमधून आलेला ‘सिएस्टा’ हा दुपारच्या झोपेचा शब्द लॅटिनमधील ‘सहावा तास’ या अर्थाच्या शब्दावरून निघाला. सूर्योदयापासून सहावा तास म्हणजे ऐन दुपार. आपली वामकुक्षी वेळेवरून ओळखली जात नाही, ती कुशीवरून ओळखली जाते: वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. पुण्यातील दुकानदारांच्या दुपारच्या वामकुक्षीवर महाराष्ट्राने पोटभर विनोद केले आहेत. पण स्पेनमध्येही अनेक ठिकाणी दुकाने दुपारी बंद राहत आली आहेत, आणि उन्हाचा विचार करता दोघांचेही काही चुकले असे म्हणवत नाही.

‘लीव्ह’ आणि ‘हॉलिडे’ यांचा भेद शिक्षकांना व्यवहाराने पक्का ठाऊक असतो. ‘हॉलिडे’ म्हणजे मुळात ‘होली डे’, पवित्र दिवस. तो सर्वांना मिळतो. ‘लीव्ह’ मागावी लागते, कारण त्या शब्दाचा जुना अर्थच परवानगी. आपला ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला, आणि त्याचाही मूळ अर्थ संमती. म्हणून निरोप घेणारा पाहुणा ‘आता रजा घेतो’ असे म्हणतो, आणि इंग्रजही त्याच अर्थाने ‘टेक लीव्ह’ म्हणतो. मुलांनी पत्रलेखनात ‘लीव्ह’ व ‘हॉलिडे’ यांची अदलाबदल केली, तर ‘रजेचा अर्ज करतात, सुट्टीचा करीत नाहीत’ एवढी आठवण पुरते.

येथवर शब्दांचा विचार झाला. पण हे शब्द केवळ कोशातले नाहीत. त्यांच्यासाठी माणसांना झगडावे लागले आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत एकोणिसाव्या शतकात कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत आणि साप्ताहिक सुट्टी नसे. सत्यशोधक कार्यकर्ते व ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली कामगारांनी ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची पूर्ण सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या दोन मागण्या होत्या. त्या अर्ध्या तासाला इंग्रजी लेखात ‘रीसेस’ हाच शब्द होता. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना अधिनियमात असे ठरविण्यात आले की, सलग पाच तासांहून अधिक काम देण्यापूर्वी कामगारास निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळालीच पाहिजे. तेथे शब्द आहे ‘इंटरव्हल’. गिरणीच्या भोंग्यावर जो शब्द मिळविण्यास इतकी वर्षे लागली, तो शाळेच्या घंटेवर सहज मिळतो, म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

मुलांच्या बाबतीत तर ही गोष्ट जगाने लिहून ठेवली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ वे कलम मुलाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळाचा हक्क देते. १९९२ साली भारत या संहितेत सामील झाला. तेथे ‘रेस्ट’, ‘लेझर’ आणि ‘प्ले’ हे तीन शब्द वेगवेगळे योजले आहेत. आपल्या शाळांतील मोठ्या सुट्टीचा पुष्कळसा भाग पोषण आहाराच्या रांगेत, ताटे धुण्यात आणि हात पुसण्यात जातो. ती ‘लंच ब्रेक’ खरी. ‘प्लेटाइम’ तीत फार थोडा उरतो. असे असता गृहपाठ न आणल्याबद्दल उरलेली दहा मिनिटेही मुलास वर्गात कोंडून ठेवणे, ही शिक्षा वरकरणी सौम्य पण वस्तुतः जबर आहे. ज्या मुलाला अभ्यास जड जातो, त्याचीच सुट्टी अशा रीतीने रोज कापली जाते, आणि ज्याला धावण्याची सर्वांत अधिक गरज असते तोच भिंतीला टेकून बसतो. चार वर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षकाला मागे पडलेल्या मुलासाठी दुसरा वेळ सापडत नाही, ही अडचण खरी आहे. तिचा उपाय इतर तासिकांतून काढावा, या रकान्यातून काढू नये.

याहून नाजूक एक बाब आहे. कित्येक वर्गांत इंग्रजीच्या तासाला मराठी बोलावयाचे नाही, असा दंडक असतो. हेतू चांगला असतो. परंतु ‘मे आय गो आउट?’ हे वाक्य ज्या पहिलीतल्या मुलाच्या तोंडी अजून बसलेले नाही, त्याने लघवीस कसे जावे? तो चुळबुळ करीत बसतो, आणि कधी वर्गातच प्रसंग ओढवतो. पुढे वर्षानुवर्षे ती गोष्ट त्याला चिडविण्यास पुरते आणि त्याच्यापुरते इंग्रजी तेथेच संपते. मुलींचे याहून अवघड होते. विचारण्याचा संकोच नको म्हणून काही मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाणी पिणे, बाहेर जाणे, बरे वाटत नसल्याचे सांगणे, या तीन गोष्टींना कोणत्याही तासाला कोणतीही भाषा चालेल, हे जूनमध्ये शाळा उघडण्याच्या पहिल्याच दिवशी वर्गास स्पष्ट सांगावे. हाताची खूणही चालेल. मूल घरच्या बोलीत विचारील, शिक्षकाने जाण्यास मान हलवावी आणि तेच वाक्य इंग्रजीत एकदा हलकेच उच्चारावे. महिन्याभरात मूल ते वाक्य आपण होऊन उचलते.

आता फलकावर कोणता शब्द लिहावा, हे ठरविणे सोपे जाईल. लहान सुट्टीस ‘शॉर्ट ब्रेक’ आणि मोठ्या सुट्टीस ‘लंच ब्रेक’ हे शब्द बरे. ते आज इंग्लंड, अमेरिका आणि भारत या तिन्ही ठिकाणी समजतात, आणि पहिलीच्या मुलालाही उच्चारता येतात. ‘रीसेस’ व ‘इंटरव्हल’ पाचवीत त्यांच्या गोष्टींसह सांगावेत. इंग्रजीखाली ‘मधली सुट्टी’ हे शब्द ठसठशीत मराठीत असावेत. ते पुसून वर इंग्रजी रंगविण्याची जी हौस अलीकडे दिसते, तिला कोणत्याही परिपत्रकाचा आधार नाही. पाटी रंगविणाऱ्यास मजकूर तोंडी न सांगता कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. त्याच्या हातून तेवढा ‘ई’ शेवटी गेला, तर शाळेच्या भिंतीवर सायकलदुरुस्तीच्या दुकानाची पाटी लागलेली दिसेल.